गावरान बी आणि विकतचे बी



बियाण्यावर बोलण्याचा अधिकार या माणसाला कोणी दिला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडेल. तो रास्त आहे. मी शेतीशास्त्रज्ञ नाही. सातवीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकांत झाले. गेली तीस वर्षे मी ऊसतोड कामगारांच्या संघटनेचे काम करतो. पाथर्डी-शेवगावकडचा माणूस मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतो, तेव्हा त्या उचलीतून आधी मागची उधारी फेडतो. आणि त्या उधारीत किराण्याच्या बरोबरीने बियाण्याची पाकिटेही असतात. कोयता त्याचा स्वतःचा आहे, पण बी त्याचे राहिलेले नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

प्रथम शब्दांचे अर्थ पाहू. गावरान वाण म्हणजे एकाच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या पेरलेले, तिथल्या मातीला आणि पावसाला सरावलेले, शेतकऱ्याने दर साली निवडून ठेवलेले बी. त्याला आपण शुद्ध म्हणतो, पण ते एका साच्यातले नसते. गावरान बाजरीच्या शेतात उभे राहून पाहा. एक कणीस लांब, दुसरे आखूड. एकाला कुसे, दुसऱ्याला नाहीत. काही ताटे आठ दिवस आधी निसवतात. पावसाने मध्येच ओढ दिली तर सगळे शेत एकाच दिवशी मार खात नाही. कोरडवाहू माणसाचा हाच विमा.

संकरित वाणाची रीत वेगळी. दोन निवडक वाण स्वतंत्रपणे सांभाळायचे आणि दर वर्षी त्यांचा नव्याने संकर करून बी तयार करायचे. या पहिल्या पिढीला विलक्षण जोम असतो आणि सारे शेत एकसारखे दिसते. पण त्या पिकाचे दाणे पुन्हा पेरले तर आजी-आजोबांचे गुण निरनिराळे होऊन बाहेर पडतात. तरुणपणी मी हा प्रयोग न कळत केला. दुकानातून उधारीवर आणलेली संकरित बाजरी उत्तम आली, म्हणून तिचेच दाणे पुढच्या साली पेरले. निम्मी ताटे खुजी निघाली, कणसे लहानमोठी आली. आई म्हणाली, "अरे, हे बी वांझ नाही, पण घरचंही नाही." संकराचे शास्त्र मी पुढे वाचले; त्याचा सारांश तिने आधीच सांगितला होता.

संकरित बियाण्याने आपल्यावर उपकार केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. देशात धान्याची टंचाई होती, अमेरिकेच्या गव्हाची वाट पाहावी लागत होती, तेव्हा १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आणि १९६५ साली एचबी-१ ही संकरित बाजरी आली. धान्याचे उत्पन्न वाढले. मात्र ताट बुटके झाल्याने कडबा घटला, आणि ज्याच्या दावणीला बैल आहे तो दाण्याइतकाच कडबाही मोजतो. खरिपात कणीस पावसात सापडून दाणा काळा पडे, भाकरीला गोडी नसे. तेव्हापासून मराठीत बेचव आणि बनावट गोष्टीला 'हायब्रीड' म्हणण्याचा प्रघात पडला, तो काही उगीच नव्हे.

खरा धडा बाजरीने दिला. त्या पहिल्या संकरित बाजऱ्यांची आई एकच होती. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे तयार झालेली टिफ्ट २३ए. ती गोसावी रोगाला बळी पडणारी होती. कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांच्या जटा फुटतात, म्हणून आपल्याकडे या रोगाला हे नाव. १९७० नंतरच्या काही वर्षांत या रोगाने देशभर संकरित बाजरीची धूळधाण केली. त्याच १९७० साली अमेरिकेतही तसेच घडले होते. तिथल्या बहुतेक संकरित मक्याला एकाच प्रकारची मातृपरंपरा दिलेली होती. करपा आला आणि देशाचा सुमारे १५ टक्के मका गेला. रोगाला एका कुलपाची किल्ली सापडली आणि सगळ्या घरांना तेच कुलूप होते. पुढे शास्त्रज्ञांनी रोगाला दाद न देणारे नवे वाण काढले, पण ती प्रतिकारशक्ती आणली कुठून? रानातल्या आणि गावातल्या जुन्या वाणांमधूनच. गावरान मेले तर संकरितालाही उद्या भांडवल उरणार नाही.

सगळीच पिके राखणे सारखे सोपे नाही. भात, वाल यांचे फूल बहुधा आपल्या आपणच फळते. ज्वारीचेही बरेचसे तसेच. मोहोळच्या केंद्रात मालदांडी या गावठी ज्वारीतून निवडलेली एम ३५-१ म्हणूनच अजून घरच्या बियाण्यावर चालते. बाजरीचे पराग मात्र वाऱ्यावर जातात. शेजारी संकरित पेरले की आपली गावरान बिघडते.

वाऱ्यावर फळणाऱ्या पिकाचे दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे, आणि ते ऐकून कोणी दचकू नये. एकोणिसाव्या शतकात नगर जिल्ह्यात सरकारी परवान्याने गांजाची लागवड होत असे. १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज कमिशनने तिची दखल घेतली. गांजाचे नर आणि मादी झाड वेगळे असते. नर वेळेवर उपटावे लागतात, आणि हे कसब पिढीजात असे. १९८५ च्या कायद्याने गांजाची लागवड गुन्हा ठरली. मी व्यसनाची बाजू घेत नाही. दारूने मोडलेली घरे मी रोज पाहतो. पण बियाण्याच्या दृष्टीने पाहा. इथे पेरणीच थांबली, म्हणजे वाण राखणारा हात गेला. तिकडे परदेशी व्यापाऱ्यांनी उष्ण मुलखातल्या उंच, उशिरा फुलणाऱ्या झाडांचा अफगाणी बुटक्या जातींशी संकर करून लवकर येणारे वाण बाजारात आणले. ते पराग आता जगभरच्या जुन्या गावठी जातींत मिसळत आहेत, आणि उंच, मूळ जाती शोधणारे लोक हळहळत आहेत. बंदीने असो वा बाजाराने, जे पेरले जात नाही ते उरत नाही.

उलट उदाहरण अकोले तालुक्यात आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी भात, वाल, भाज्या यांचे गावरान बी गोळा केले, मडक्यात राखेत ठेवले, बायकांना वाटले, आणि बाएफ संस्थेच्या मदतीने बीजबँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची बँक सावकारीच्या उलट चालते: बी न्यायचे, पिकवायचे आणि नेल्यापेक्षा अधिक परत करायचे. तिथे बी कपाटात पडून राहत नाही, दर साली मातीत जाते.

कायदाही आपल्याला साथ देतो. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला. संरक्षित वाणाचे बी नाममुद्रा लावून विकण्याची तेवढी मनाई आहे. पण हक्क कागदावर असून भागत नाही, हे संघटनेतल्या माणसाला सांगावे लागत नाही.

संकरित पेरू नका, असे मी म्हणत नाही. ज्याच्याजवळ पाणी आहे त्याने हिशेब करून पेरावे. पण प्रत्येकाने निदान एक पांड जमीन गावरानासाठी ठेवावी. बाजरी असेल तर आसपासच्या चार शेतकऱ्यांनी मिळून एकच वाण पेरावा. बियाण्यासाठी सगळ्यात मोठे एकच कणीस न घेता मधल्या भागातून पुष्कळ ताटांची कणसे घ्यावीत, म्हणजे वाणातली विविधता टिकेल.

आमच्या सभेत एक म्हातारी मला म्हणाली होती, "भाऊ, उचल घेतली की वर्ष दुसऱ्याचं होतं." घरात बी असेल तर त्या वर्षाचा निदान पहिला दिवस तरी आपला राहतो. तेवढ्यापासून सुरुवात करू या.