वेष आणि वाचन

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली याच दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणाविषयीचा आपला सुप्रसिद्ध शोध लागला. जबलपूरच्या विजय नगरसारख्या वसाहतीतील प्राथमिक शाळेत त्या दिवशी एखादा चिमुरडा फेटा बांधून रामन होतो. फेटा बांधणे सोपे. त्यामागचा माणूस मात्र वाचनानेच कळतो.

त्याच्या शेजारी एखाद्या मुलीने कमला सोहोनी व्हावे. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी, जन्म इंदूरचा, १९११ सालचा. १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला, आणि नाकारणारे संचालक होते स्वतः रामन! कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या कसोटीवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांनी आपले मत बदलले आणि स्त्रियांना संस्थेची दारे उघडली. १९३९ साली त्या केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या.

वाचनाविना ही दोन मुले म्हणजे केवळ दोन वेष होत. वाचनाने मात्र त्यांना उमगते की, थोर शास्त्रज्ञही चुकतो. पुराव्यापुढे मत बदलणे, हाच खरा विज्ञानाचा संस्कार होय.