एका तासाची सात वर्षे

मुंबई-गोवा महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा नागोठण्यावरून जातो. चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले. 2025 च्या गणपतीलाही महामार्ग पुरा झालेला नव्हता. चौदा वर्षे. ‘इंटरस्टेलर’ या सिनेमातल्या मिलर ग्रहावर तेवढ्यात फक्त दोन तास उलटले असते. ठेकेदारांना या ग्रहाचा पत्ता कुणी देऊ नये.

तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. भागाकार केला तर तिथला एक सेकंद आपल्या सतरा तासांएवढा भरतो. तिथे कुणी शिंकले की इथे पहाटेच्या चहापासून रात्री अकरापर्यंतचा दिवस संपला. 169 मिनिटांचा हा सिनेमा तिथे बसून पाहिला, तर इथले तान्हे पोर तोवर कॉलेजात गेलेले असेल. आणि तिथली लाट 1200 मीटर उंच. रायगड किल्ला 820 मीटरचा आहे.

हे सगळे घडते ‘गार्गान्चुआ’ या कृष्णविवरामुळे. वस्तुमान सूर्याच्या दहा कोटी पट, घेर पृथ्वीच्या वार्षिक प्रदक्षिणेएवढा. सात वर्षांचा हिशेब जुळायचा तर त्याची गिरकी कमाल वेगापेक्षा शंभर लाख कोटींत जेमतेम एका भागाने कमी हवी, असे भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांचे गणित सांगते. पडद्यावर मात्र तो वेग साठ टक्क्यांवर आणला, कारण खऱ्या चित्राने प्रेक्षकाला गोंधळात पाडले असते. काही चौकटी तयार व्हायला शंभर-शंभर तास लागले आणि सेकंदाला चौकटी लागतात 24. असल्या चौकटी एकाच यंत्रावर केल्या असत्या, तर एका सेकंदासाठी शंभर दिवस.

2014 मध्ये सिनेमा आला तेव्हा समीक्षकांचे एकमत झाले नाही. संगीतात संवाद बुडतात, ही तक्रार रास्तच होती (तरी ध्वनिमिश्रणाला ऑस्करचे नामांकन मिळाले!). शेवटाकडे प्रेमावर व्याख्यान आहे, तेही मला जड गेले. पण मिलर ग्रहावरून यानात परतलेला नायक कूपर मुलांचे 23 वर्षांचे साठलेले निरोप पाहतो, तिथे दिग्दर्शक नोलानला व्याख्यानाची गरज पडत नाही. तिथे रडवते ती साधी वजाबाकी. फेब्रुवारी 2025 मध्ये भारतात सिनेमा पुन्हा लागला तेव्हा दहा वर्षांपूर्वीच्या चित्रपटासाठी लोकांनी थिएटरे भरली, ती निव्वळ आवाजासाठी नसावीत.

थॉर्न यांना 2017 चे नोबेल मिळाले ते मात्र सिनेमाच्या उलट टोकाच्या आकड्यासाठी. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पातल्या चार किलोमीटर लांब भुजांत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी फरक पडला, तरी तो मोजता येतो. 14 सप्टेंबर 2015 रोजी 130 कोटी प्रकाशवर्षांवरची दोन कृष्णविवरांची टक्कर अशीच सापडली. त्यात तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेले होते. तशाच यंत्राला केंद्राने एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी मंजूर केले. ते हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभे राहायचे आहे.