टेबलावरचा घाट

खेळातील आगगाडी सपाटीवर गोल गोल फिरू लागली की पहिल्या दिवशी घरातील सारी मंडळी भोवती जमतात. आठवड्याभरात मात्र ती पाहावयास कोणी उरत नाही. मग गाडीने डोंगर चढावा, वरच्या स्टेशनात जाऊन थांबावे, अशी हौस उत्पन्न होते आणि येथेच पुष्कळांचा हिरमोड होतो. एंजिन अर्ध्या चढावर जागच्या जागी चाके फिरवीत उभे राहते. दोष एंजिनास दिला जातो. तो बहुधा आखणीचा असतो.

खऱ्या लोहमार्गाची गोष्ट याहून वेगळी नाही. मुंबईहून पुण्याकडे जाणारा मार्ग १८६३ साली बोरघाट चढून गेला. सुमारे २५ किलोमीटरांत तेथे सुमारे ५५८ मीटर उंची गाठावयाची होती, आणि सर्वांत खड्या जागी दर ३७ फुटांस १ फूट असा चढ पत्करावा लागला. त्या चढावर कित्येक गाड्यांना आजही मागून जादा एंजिने लावावी लागतात. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावरील पकडच मुळी बेताची. सपाटीवर हा मोठा गुण, चढावर तीच अडचण. रस्त्यावरील मोटार ज्या चढास जुमानीत नाही, तो आगगाडीस पहाड वाटतो. टेबलावरच्या गाडीलाही ४० त १ हा चढ बरा, ३० त १ ही मर्यादा समजावी.

परंतु खरी फसगत चढाहून वळणात होते. भारतातील ब्रॉडगेज मार्गावर अगदी तीव्र वळणाची त्रिज्याही १७५ मीटरांहून कमी ठेवीत नाहीत. एचओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नमुन्याचे प्रमाण ८७ स १, म्हणजे तेच वळण टेबलावर २ मीटर त्रिज्येचे होईल. शहरातील बिऱ्हाडात अशी जागा कोठून आणावी? म्हणून ४५ सेंटीमीटरांच्या त्रिज्येवर भागवितात. खऱ्या मार्गात ती अवघी ३९ मीटर भरेल! एकाच आसावर घट्ट बसविलेल्या दोन चाकांपैकी बाहेरच्यास अशा वळणावर अधिक अंतर तोडावे लागते, चाके घसटतात, त्यांच्या कडा रुळास घासतात. हा विरोध किती, हे काढण्याचा हौशी मंडळींचा एक ठोकताळा आहे: ८१ या आकड्यास सेंटीमीटरांतील त्रिज्येने भागावे, येईल तितके टक्के चढ वळणामुळे वाढला असे धरावे. ४५ सेंटीमीटरांस हे उत्तर १.८ येते. तेव्हा ४० त १, म्हणजे अडीच टक्क्यांचा चढ अशा वळणावर एंजिनास ४.३ टक्क्यांचा, जवळजवळ २३ त १ वाटतो. कागदावर सौम्य दिसणाऱ्या चढावर गाडी का अडते, याचे उत्तर येथे मिळते.

उपाय खऱ्या मार्गांचे इंजिनियर करितात तोच: वळणावर चढ कमी करावा आणि सरळ भागात तो भरून काढावा. वळणावर ६० त १ ठेवला तर १.७ अधिक १.८ मिळून साडेतीन टक्के होतात. सरळ भागात ३० त १ म्हणजे ३.३ टक्के. एंजिनास दोन्हीकडे श्रम सारखेच पडतात.

आता ८ फूट लांब व ४ फूट रुंद, म्हणजे सुमारे २४४ बाय १२२ सेंटीमीटरांचे टेबल घेऊ. येथे बहुतेकांना एक रूळ दुसऱ्यावरून पुलाने न्यावासा वाटतो. त्यासाठी रुळापासून रुळापर्यंत ९ ते १० सेंटीमीटर उंची हवी, आणि तितके चढून पुन्हा उतरावयाचे तर ४० त १ ने आठ मीटरांहून अधिक लांबी लागते. टेबलाभोवतीचा फेरा जेमतेम साडेपाच मीटरांचा! हा हट्ट सोडावा हे उत्तम. त्यापेक्षा माथेरानकडे पाहावे. नेरळहून १९०७ साली सुरू झालेली ती दोन फुटी गाडी २० त १ असा कठीण चढ चढते, पण पलीकडे उतरण्याच्या भानगडीत पडत नाही. वर जाऊन थांबते.

टेबलावरही तसेच करावे. खालचे स्टेशन पुढच्या कडेस अगदी सपाट ठेवावे. तेथून निघून ५० सेंटीमीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ ६० त १ ने चढावे, मागील बाजूस १३० सेंटीमीटर सरळ भाग ३० त १ ने, मग ४५ सेंटीमीटर त्रिज्येचे दुसरे अर्धवर्तुळ पुन्हा ६० त १ ने. अनुक्रमे २.६, ४.३ व २.४ मिळून ९.३ सेंटीमीटर होतात. दुसरे वळण लहान असल्याने मार्ग पुढील बाजूस खालच्या स्टेशनापासून १० सेंटीमीटर आत येतो; मध्ये खडकाची भिंत उभारावी, वर सपाट स्टेशन करावे. पुलाची गरजच उरत नाही.

एवढ्या उंचीतून एखादा सेंटीमीटर वजा धरावा, कारण सपाटी आणि चढ यांचा सांधा एकदम मोडता कामा नये. तो सुमारे ३० सेंटीमीटरांत हळूहळू वळवावा. नाहीतर पायथ्याशी एंजिनाचे पुढचे टोक रुळास टेकते आणि माथ्यावर डब्यांचे आकडे सुटतात. हे सांधे नेमके वळणाच्या तोंडाशी आणू नयेत. डबेही लांबलचक नसावेत. आखूड डबे अशा वळणावर दिसतातही बरे.

रूळ खिळण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. एक मीटर लांबीच्या फळीवर रूळ ठेवून तिचे एक टोक पुस्तकांच्या आधाराने साडेतीन सेंटीमीटर उचलावे, गाडी चढावर मध्येच थांबवावी आणि पुन्हा चालू करावी. जितके डबे घेऊन एंजिन विनातक्रार निघेल, तितकेच त्या घाटास जोडावेत.