रबराच्या झाडाची छाटणी



हजिऱ्याच्या कारखान्यांभोवती ज्या वसाहती आहेत, तेथील मराठी घरांत जाड, तुकतुकीत, गर्द हिरव्या पानांचे रबराचे झाड पुष्कळदा दृष्टीस पडते. आणतेवेळी ते हातभर असते. चारसहा वर्षांत ते छताकडे झेपावते, खालची पाने गळून नुसता सोटा उरतो, आणि शेंड्याला पंख्याचे पाते लागू लागते. बाहेर ठेवावे, तर समुद्रावरचा खारा वारा पानांच्या कडा करपवतो. तोडावे, तर धीर होत नाही. माझे झाड मातोश्रींनी वसईच्या वाडीतून दिलेले. त्या गेल्यानंतर तर त्याला विळी लावण्याची कल्पनाही मला सोसवेना.

प्रथम झाड नीट ओळखू या. केरळात ज्याच्या बागा आहेत तो व्यापारी रबराचा वृक्ष मूळचा ब्राझीलचा. त्याचे कूळ निराळे. आपले कुंडीतील झाड वडापिंपळाचे भाऊबंद. त्याचे शास्त्रीय नाव फायकस इलॅस्टिका, आणि आसाम-मेघालयाचे डोंगर हे त्याचे माहेर. १८१० च्या अखेरीस कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे डॉ. रॉक्सबर्ग यांच्याकडे सिल्हेटहून मधाने भरलेली एक वेताची टोपली आली. मध काढून टोपली धुतली, तो आतून तिला रबराचा पातळ लेप दिलेला आढळला. डोंगरातील लोक ज्या झाडाचा चीक टोपलीला फाशीत, ते हेच झाड. खासी लोक याचीच हवेतील मुळे ओढ्यांवरून वळवून जिवंत पूल तयार करतात. ज्याच्या मुळांवरून माणसे ओढा ओलांडतात, ते झाड दहा इंची कुंडीत नांदवायचे म्हणजे छाटणी आलीच.

छाटल्याने झाड मरत का नाही? प्रत्येक पानाच्या देठाशी एक निद्रिस्त डोळा असतो. शेंड्यात ऑक्सिन नावाचे द्रव्य तयार होऊन खाली उतरते व या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की तो दाब उठतो आणि काप घेतल्या जागेखालचे एकदोन डोळे फुटतात. सोट्याला फांद्या फुटतात त्या अशा.

मात्र वेळ साधली पाहिजे. आम्हा ख्रिस्ती घरांत छाटणी म्हटले की योहानाच्या शुभवर्तमानातील द्राक्षवेल आठवतो. पण द्राक्षाचा न्याय सर्वांना लागू नाही. नाशिककडे द्राक्षाची छाटणी एप्रिलात व पुन्हा ऑक्टोबरात होते; मी म्हटले, आपणही नाताळापूर्वी, पाहुणे येण्याच्या आत, उरकून घ्यावे. उरकले. जानेवारी गेला, फेब्रुवारी सरत आला, तरी खुंट तसाच वाळक्या काठीसारखा उभा. रोज सकाळी मी त्याला नखाने किंचित खरवडून पाही; आत हिरवे दिसे, एवढाच आधार. मार्चात ऊन वाढले तेव्हा कोठे तांबडे टोक दिसले. थंडीत झाडाची वाढ मंदावते, एवढेच त्यामागील कारण. तेव्हा फाल्गुनापासून आषाढापर्यंतचा काळ धरावा.

काप पानाच्या पेरावर अर्धा बोट अंतर ठेवून, धारदार व स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने घ्यावा. एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक पाला काढू नये. कापताच पांढरा चीक वाहू लागतो. त्याने त्वचेची आग होऊ शकते, म्हणून हातमोजे घालावेत, डोळ्यांना हात लावू नये, मुलांना व मांजरांना दूर ठेवावे. जखमेवर ओले फडके दाबून धरले की चीक थांबतो. फरशीवर जुना कागद अवश्य पसरावा. वाळलेला चीक निघता निघत नाही.

सोटा फारच उंच असेल तर शेंडा फेकून देण्याऐवजी गुटी कलम बांधावे. पावसाच्या तोंडाशी, अंगठ्याएवढ्या जाड भागावर दोन बोटे रुंदीची साल वळ्यासारखी काढावी, चीक पुसावा, भोवती ओले शेवाळ गच्च बसवून वर प्लास्टिकचा कागद गुंडाळावा व दोन्ही टोके बांधावीत. साधारण दीडदोन महिन्यांत कागदातून पांढरी मुळे दिसतात. मग त्याखाली कापून नव्या कुंडीत लावावे. वडिलोपार्जित झाड तोडताना हात कापतो त्यांना हा मार्ग विशेष मानवेल, कारण यात फेकून द्यावे असे फारसे काही उरत नाही.

आता पाण्याविषयी. समुद्रकाठच्या विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा मचूळ असते. कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरली की समजावे, मीठ साचले. महिन्यातून एकदा गोडे पाणी तळाच्या भोकातून वाहून जाईपर्यंत घालावे. पावसाचे पाणी पिंपात धरून ठेवता आले तर फारच उत्तम. एरवी बोट मातीत पेरभर खुपसून पाहावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे. छाटणीनंतर पाने कमी झालेली असतात, म्हणून पाणीही कमीच लागते. हे न जाणल्याने कित्येक झाडे छाटणीने नव्हे, तर नंतरच्या लाडाने कुजतात.

तीच गोष्ट खताची. कृभकोचा युरियाचा कारखाना हजिऱ्यातच, त्यामुळे मूठभर युरिया टाकण्याचा मोह येथे सहज होतो. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. कुंडीतल्या मुळांना ती मूठ जाळून टाकते. चांगले कुजलेले शेणखत ओंजळभर, तेही नवी पालवी दिसल्यानंतर, पुरे. पानांवरची धूळ आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी. तेल लावून चकाकी आणू नये, त्याने पानांची रंध्रे बुजतात.

मातोश्रींच्या झाडाची पहिली गुटी मी गेल्या श्रावणात उतरवली. ती वसईला भावाच्या ओटीवर आहे, आणि तिला या चैत्रात चौथे पान आले.