लाल विंचू, प्राझोसिन आणि हृदयाचा ठेका

जालना जिल्ह्यातलं गणपतीचं राजूर ज्या भोकरदन तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर. १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं आणि लहान मुलं दगावत होती. विंचवाच्या वेदनेने मेला, असं लोक म्हणत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, तेव्हा दिसलं ते निराळंच. आधी उलट्या आणि दरदरून घाम, मग हातपाय बर्फासारखे गार, शेवटी फुप्फुसात पाणी. मरण हृदयाच्या वाटेने येत होतं. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांची ही निरीक्षणं छापली.

हे विष मज्जातंतूंच्या टोकांवरची सोडियमची दारं उघडीच ठेवतं. त्यामुळे अॅड्रेनॅलिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन रक्तात लोटतात. ही रसायनं ज्या रेणूंना जाऊन चिकटतात त्यांना रिसेप्टर म्हणतात. त्यांचे अल्फा आणि बीटा असे दोन गट आहेत, हे अमेरिकेतल्या रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडलं. रक्तवाहिन्यांवरचे अल्फा रिसेप्टर चेतले की वाहिन्या आवळतात. हृदयातले बीटा चेतले की ठोके वाढतात आणि जोरही वाढतो.

या रसायनांचा ठसा नाडीच्या ठेक्यावरही उमटतो. निरोगी माणसाची नाडी घड्याळासारखी एकसारखी चालत नाही. श्वास घेताना ती किंचित जलद होते, सोडताना मंदावते. दोन ठोक्यांमधल्या अंतरात होणारा हा बदल म्हणजे हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, एचआरव्ही. हृदयाची स्वतःची गती मिनिटाला शंभराच्या आसपास असते. व्हेगस नावाची नस बैलाच्या वेसणीसारखी ती ओढून धरते, म्हणून विश्रांतीत नाडी सत्तरच्या घरात राहते. व्हेगसचा परिणाम ठोक्यागणिक बदलतो. अॅड्रेनॅलिनचा चढायला आणि उतरायला कित्येक सेकंद लागतात. म्हणून अॅड्रेनॅलिनचा जोर वाढला आणि व्हेगसचा ओसरला की नाडी जलद होते, एकसुरीही होते. १९८७ मधल्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात, हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांच्या ठोक्यांत हा बदल फारच कमी होता, त्यांचा मृत्युदर इतरांच्या कित्येक पट निघाला.

औषधं इथेच हात घालतात. मेटोप्रोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्या नाडी संथ करतात आणि झटका येऊन गेलेल्यांत किंवा हृदय कमजोर झालेल्यांत एचआरव्ही बहुधा वाढवतात. दम्याच्या पंपातलं सालब्युटामॉल उलट बीटा रिसेप्टरना चेतवतं; पंप ओढल्यावर छाती धडधडते ती त्यामुळेच. प्राझोसिन अल्फा रिसेप्टर अडवतं. वाहिन्या सैलावून रक्तदाब उतरला की तो सावरण्यासाठी मेंदू नाडी वाढवतो, म्हणून अशा गोळीनंतर एचआरव्ही खालीही जाऊ शकते. मनगटी स्मार्ट घड्याळावरचा एचआरव्हीचा एकच आकडा गोळी चांगली की वाईट हे सांगू शकत नाही.

विंचूदंशात नाडी धावते, म्हणजे बीटा-ब्लॉकर द्यावा, असं कुणालाही वाटेल. तिथे तो घातक ठरू शकतो. वाहिन्या अल्फामुळे आवळलेल्याच राहतात आणि त्या दाबाशी झगडणाऱ्या हृदयाची ताकद मात्र आपण काढून घेतो. बावस्करांनी आवळलेल्या वाहिन्या सैल करण्यावरच भर दिला. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं, पण ते शिरेतून थेंबथेंब द्यावं लागतं, रक्तदाबावर सतत डोळा ठेवावा लागतो. प्राझोसिन ही तोंडाने घ्यायची स्वस्त गोळी. रुग्णाला आडवं ठेवून, हातपाय पुन्हा गरम होईपर्यंत ती ठरावीक अंतराने द्यायची. गार पडलेले तळवे गरम झाले की औषध लागू पडलं! खेड्यातल्या दवाखान्यात याहून सोपी कसोटी मला तरी सुचत नाही. १९८६ मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास दगावत. ते प्रमाण एक टक्क्यापर्यंत उतरलं. विंचवाची प्रतिलस प्राझोसिनच्या जोडीला दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हे त्यांच्याच २०११ च्या चाचणीत दिसलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

अंगारकीला राजूरला पायी निघणाऱ्यांनी आणि रात्री रानात पाणी धरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. विंचू चावल्यावर उलटी, घाम आणि गार हातपाय दिसले, तर मंत्र-उतारा करण्यात एक मिनिटही घालवू नका, थेट दवाखाना गाठा. आणि मनगटावरचं घड्याळ काहीही दाखवो, बीपीची किंवा हृदयाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.