‘अजून काही ठरलं नाही’

विद्यापीठाच्या पदवी परीक्षांचे निकाल लागतात, पेढे वाटून होतात, आणि पंधरवडा उलटला की मध्यमवर्गीय घरांतून एक प्रश्न हळूहळू डोके वर काढू लागतो. नागपूरच्या लकडगंजात तो तिथल्या बोलीत विचारला जातो : ‘काय करून राह्यला रे आजकाल?’ विचारणारा मामा असो, शेजारचे काका असोत की लग्नघरी भेटलेले दूरचे नातलग असोत, उत्तर बहुधा एकच असते : ‘अजून काही ठरलं नाही.’ उत्तर देणारा मुलगा नापास झालेला नसतो, बंडखोर नसतो, व्यसनीही नसतो. त्याने वाणिज्य शाखेची पदवी बऱ्यापैकी गुणांनी मिळवलेली असते. त्याला काही नको असते असे नाही. अमुकच हवे असेही काही नसते. आणि घरच्यांना नेमके हेच समजत नाही.

लकडगंजाचे नावच त्याचा धंदा सांगते. लाकडाच्या टाली, आरागिरण्या, फळ्यांच्या थप्प्या आणि रस्त्याच्या कडेला साचलेला भुसा, ही या वस्तीची जुनी ओळख. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला साग इथे येई, चिरला जाई आणि दूरदूर जाई. अशा वस्तीत मागच्या पिढीला ‘करिअर’ निवडावे लागले नाही. टालवाल्याचा मुलगा गल्ल्यावर बसे, मिस्त्रीचा मुलगा रंधा हाती घेई, हमालाचा मुलगा पाठीवर ओझे घेई. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये बापाच्या ओळखीने मुलगा चिकटे. यात स्वातंत्र्य नव्हते आणि जातीचे, ऐपतीचे कुंपण पक्के होते, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट खरी की, ‘मला काय आवडते?’ या प्रश्नाने त्या मुलांची झोप उडाली नाही. कोणी तो विचारलाच नाही.

ही व्यवस्था मोडली, आणि तिच्या जागी दुसरी आली नाही. वनतोडीसंबंधीच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशापासून आरागिरण्यांवर निर्बंध आले. पुढे नवा परवाना मिळणे दुर्घट झाले. जंगलांच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. ब्रह्मदेशाने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली. दारे-खिडक्या अॅल्युमिनियमच्या झाल्या, कपाटे प्लायवुडची झाली. एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली. लाकडाचा धंदा संपला नाही. पण ‘बापाच्या पाठी मुलगा’ हा हिशेब आता त्या बापालाही पटत नाही. ‘या धुळीत तू नको बसूस, शीक,’ असे त्यानेच मुलाला सांगितले. मुलगा शिकला. कशासाठी शिकला, हे मात्र दोघांपैकी कोणाच्याच मनात स्पष्ट नव्हते.

अशा वेळी नागपूरच्या मध्यमवर्गाच्या तोंडी एकच उत्तर तयार असते : सरकारी नोकरी. त्याला इतिहास आहे. १८६१ पासून १९५६ पर्यंत हे शहर एका प्रांताची राजधानी होते. सचिवालय, न्यायालये, कचेऱ्या यांच्या आधाराने येथील कित्येक घरे उभी राहिली. राजधानी गेली, पण तिच्यासोबत आलेली प्रतिष्ठेची कल्पना मागे राहिली. म्हणून ज्या मुलाचे काही ठरलेले नसते त्याचे ‘स्पर्धा परीक्षा’ ठरते. अभ्यासिकेत खुर्ची मिळाली की चारचौघांना सांगायला उत्तर मिळते, आणि प्रश्न विचारणाऱ्यांची तोंडे निदान दोन वर्षे बंद होतात.

ज्या मुलाने हा मार्ग मनापासून निवडला आहे त्याच्याविषयी प्रश्न नाही. प्रश्न आहे तो निवड टाळण्यासाठी तिथे जाऊन बसणाऱ्याचा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेच्या वर. राज्य शासनाने २०१६ मध्ये नोकरीची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३३ वरून ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ३८ वरून ४३ केली. भरती रखडल्यामुळे ज्यांच्यावर अन्याय झाला होता त्यांना त्याने न्याय मिळाला, यात शंका नाही. मात्र ज्याचे काही ठरलेले नाही त्याला ‘अजून वेळ आहे’ असे म्हणत पंधरा वर्षे काढण्याची सोयही त्याने झाली. तेविसाव्या वर्षी न ठरवणे आणि अडतिसाव्या वर्षी ठरवायला काही न उरणे, यांच्यामध्ये एक आयुष्य निघून जाते.

हा आळस आहे काय? वडीलधाऱ्यांचा निर्णय ठरलेला असतो, आणि तो चुकीचा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतातील तरुण पदवीधरांमधील बेकारी २९.१ टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ती ३.४ टक्के होती. शिकल्याने माणूस नऊपट आळशी होतो, असे कोणी म्हणणार नाही. निरक्षराला थांबणे परवडत नाही. पदवीधराला, बापाच्या जिवावर का होईना, थांबता येते. ब्लाउग, लेयार्ड आणि वुडहॉल या तिघांनी भारतातील पदवीधरांच्या बेकारीवर १९६९ साली लिहिलेल्या पुस्तकात हेच सूत्र मांडले होते. ही बेकारी मुख्यतः पहिल्या नोकरीची वाट पाहणाऱ्यांची आहे, आणि कुटुंबाचा आधार असेपर्यंत अपेक्षा खाली न आणता वाट पाहणे हा त्या तरुणाच्या दृष्टीने हिशेबी व्यवहार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पन्नासांहून अधिक वर्षांनंतरही ते जुने वाटत नाही.

मात्र त्या हिशेबात एक रक्कम धरायची राहून जाते. वाट पाहणारा माणूस जसाच्या तसा राहत नाही. पहिल्या वर्षी तो मित्रांत मिसळतो, दुसऱ्या वर्षी नोकरी लागलेल्या मित्रांना टाळू लागतो, तिसऱ्या वर्षी सकाळी उशिरा उठू लागतो. आणि मग लोक म्हणतात, पाहा, आळशीच आहे! ज्याला कारण समजले जाते तो बऱ्याच वेळा परिणाम असतो.

याच लकडगंजात, त्याच गल्लीत, ओंडके उतरवणाऱ्या हमालाचा मुलगाही असतो. त्याचे ‘काही ठरले नाही’ हे कोणाला ऐकू येत नाही, कारण बारावीनंतर आठ दिवसांत तो कुठे ना कुठे कामाला लागलेला असतो. त्याच्या आवडीची चौकशी करण्याची उसंत कोणालाच नसते. मुलींची गोष्ट आणखी वेगळी. तिचे ठरत नसेल तर घर तिच्या वतीने ठरवून टाकते, आणि त्या ठरावाची पत्रिका छापली जाते. न ठरवण्याची चैन कोणाला मिळते, हेही अर्थशास्त्रच आहे.

आता उपाय. आजचा लोकप्रिय उपाय म्हणजे आवड शोधणे. त्याचे मूळ जुने आहे. फ्रँक पार्सन्स याने १९०८ साली अमेरिकेत बोस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी उघडली. स्वतःला ओळखावे, व्यवसायांची माहिती करून घ्यावी आणि दोहोंचा मेळ घालावा, अशी त्याची रीत होती. आपल्याकडे २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली गेली, तिच्यामागेही हाच विचार होता. विचार चांगला आहे. पण ज्या मुलाने पंधरा वर्षांत शाळा, शिकवणी आणि घर यांपलीकडे कोणतेही काम जवळून पाहिलेले नाही, त्याचा कल मोजायचा तरी कशाचा? जो पदार्थ कधी चाखलाच नाही तो आवडतो की नाही, याचे उत्तर प्रामाणिक मुलगा काय देईल? ‘माहीत नाही’ असेच देईल. आणि त्या प्रामाणिकपणालाच आपण निरुत्साह म्हणतो.

आवड आधी आणि काम मागाहून, हा क्रमच मुळात संशयास्पद आहे. नागपूरचेच उदाहरण घ्यायचे तर महेश एलकुंचवारांचे घेता येईल. चित्रपटाचे तिकीट मिळाले नाही म्हणून ते विजय तेंडुलकरांच्या ‘मी जिंकलो! मी हरलो!’ या नाटकाला जाऊन बसले, आणि तिथून नाटककार झाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९६७ मध्ये ‘सत्यकथे’त त्यांची ‘सुल्तान’ ही एकांकिका प्रसिद्ध झाली. या कथेतला योगायोग सगळ्यांना आवडतो. तिचा दुसरा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही : ते नागपुरात इंग्रजीचे अध्यापन करीत राहिले. एका हाताला नेमाचे काम होते, म्हणूनच दुसऱ्या हाताने जे सापडले ते धरून ठेवता आले. तिकीट न मिळालेले लोक त्या दिवशी आणखीही असतील.

तेव्हा तेवीस वर्षांच्या मुलाला ‘तू आयुष्यभर काय करणार?’ असे विचारण्यात अर्थ नाही. त्या वयात या प्रश्नाचे खरे उत्तर फार थोड्यांकडे असते. ‘येते वर्ष कुठे काढणार?’ हा प्रश्न लहान आहे आणि त्याला उत्तर आहे. तो लकडगंजातल्याच एखाद्या टालीवर का काढू नये? ज्या धुळीपासून बापाने दूर ठेवले तिच्यातच परत जा, असा याचा अर्थ नव्हे. त्या धुळीत त्याने कधी न शिकलेले पुष्कळ आहे, इतकाच अर्थ. गोल ओंडक्याची मोजणी कशी करतात, हे तिथला अल्पशिक्षित मुनीम बोटांवर सांगतो : घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचे. भूमितीच्या हिशेबाने ओंडक्याचे जे घनफळ निघते त्याहून हे एकवीस-साडेएकवीस टक्क्यांनी कमी भरते. ती सूट साल, भुसा आणि चिराईतली घट यांच्यासाठी धरलेली आहे, हे कळले की, वाणिज्य शाखेच्या मुलाला ‘खर्च’ या शब्दाचा अर्थ प्रथमच हाताला लागतो. उधारी किती दिवस ठेवायची, कोणत्या ठेकेदाराचा धनादेश परत येणार हे आधी कसे ओळखायचे, वस्तू व सेवा कराचा परतावा कुठे अडकतो, हे पाठ्यपुस्तकात नाही. वर्षभरानंतर त्याला लाकूड आवडेल असे नाही. पण हिशेब आवडतात की माणसे, वसुली जमते की खरेदी, बंद खोलीत बरे वाटते की फिरतीवर, एवढे तरी त्याला स्वतःविषयी कळेल. आज त्याला तेही ठाऊक नाही.

शासनाला हे उमगले नाही असे नव्हे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. २०२४ मध्ये राज्याने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला सहा महिन्यांसाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठेवले होते. पुढे मुदत वाढली, आणि मुदत संपल्यावर कायम करा, अशी मागणीही झाली. मागणी समजण्यासारखी आहे. परंतु तिच्यातून हेही दिसते की, शिकण्याच्या वर्षाकडेसुद्धा आपण नोकरीच्या रांगेतली जागा म्हणूनच पाहतो. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, सुशिक्षितांची संख्या शंभरपटीने वाढावी आणि त्या सर्वांनी नोकरीच्या मागे न लागता उपयुक्त व किफायतशीर व्यवसायांत पडावे, अशी आशा प्रकट केली होती. संख्या तर त्याहूनही वाढली.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीच्या अभ्यासक्रमातच प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. कागदावर ही तरतूद उत्तम आहे. पण मुलगा ओळखीच्या दुकानात जाईल, प्रमाणपत्रावर शिक्का मारून आणील आणि महाविद्यालय ते फायलीला लावील, ही भीती निराधार नाही. लकडगंजातल्या टालवाल्यांना असा शिक्का मारायला दोन मिनिटे लागतील. मुलाला दोन महिने गल्ल्याशेजारी स्टूल देण्याची आणि त्याच्या हातून एखादे बिल चुकू देण्याची त्यांची तयारी आहे का, हे महाविद्यालयांनी एकदा त्यांच्याकडे जाऊन विचारायला हवे. सेंट्रल अॅव्हेन्यूवरून आता मेट्रोही तिथे जाते.