अंक थांबतो, वर्गणी थांबत नाही

एखाद्या नियतकालिकाने काही काळ प्रकाशन थांबवून अंकाचे स्वरूप नव्याने ठरवणे आणि त्याच वेळी वर्गणीचा फेरविचार करणे, ही वरकरणी संपादकीय बाब वाटत असली, तरी तिच्या मुळाशी बहुधा हिशेब असतो. वर्गणी म्हणजे अद्याप न छापलेल्या अंकांसाठी वाचकाने आगाऊ दिलेली रक्कम. अंक वाचकाच्या हाती पडेपर्यंत ती ताळेबंदात उत्पन्न म्हणून नव्हे, तर देणे म्हणून दाखवावी लागते, आणि म्हणून छपाई थांबली तरी ते देणे जागेवरच राहते. आजीव वर्गणीदारांच्या बाबतीत तर ही अडचण आणखी बिकट होते, कारण त्यांनी एकरकमी दिलेले पैसे कागद, छपाई आणि टपालात केव्हाच खर्ची पडलेले असतात आणि अंक पाठवण्याचे बंधन मात्र त्यांच्या हयातीइतके लांबते.

मराठी मासिकांनी विश्रांतीचा एक सोयीचा मार्ग फार पूर्वीच शोधला, तो म्हणजे जोडअंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने 1909 मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केल्यानंतर, या जाडजूड अंकाच्या श्रमाने आणि खर्चाने थकलेली मासिके दोन महिन्यांचा मिळून एकच अंक काढू लागली. वर्गणीदारही त्याबद्दल सहसा कुरकुर करत नाही, कारण दिवाळी अंकाची पाने त्याने मनातल्या मनात मोजलेली असतात. मात्र ही सवलत एखाद्या महिन्यापुरतीच चालते. तिमाही, सहामाही खंडाला जोडअंकाचे नाव देता येत नाही.

दीर्घ खंडाच्या आड कायदाही येत असे. 1898 च्या टपाल कायद्यानुसार नोंदणीकृत वृत्तपत्राला टपालदरातील सवलत मिळण्यासाठी मुख्यतः दोन गोष्टी लागत: दोन अंकांमधले अंतर 31 दिवसांहून अधिक नसणे आणि खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची यादी असणे. ज्या नियतकालिकाला मोठी विश्रांती घ्यायची असे आणि वर्गणीही रद्द करायची असे, ते अशा प्रकारे सवलतीचे दोन्ही आधार एकाच वेळी गमावत असे. मुद्रणालये व पुस्तके यांच्या नोंदणीसंबंधीच्या 1867 च्या कायद्यात मासिकांसाठी मुदत अधिक उदार होती. प्रकाशन बारा महिन्यांहून अधिक काळ बंद राहिले, तर प्रकाशकाचे घोषणापत्र, म्हणजे प्रकाशनाच्या अधिकाराचा मूळ कागद, निष्प्रभ होत असे. हे दोन्ही कायदे आता बदलले असले, तरी मराठी मासिकांच्या सवयी त्यांच्याच सावलीत घडल्या आहेत.

मात्र कायापालटासाठी थांबणे खरोखर आवश्यक असते काय, या प्रश्नाचे बोलके उत्तर किर्लोस्करवाडीच्या इतिहासात सापडते. लोखंडी नांगर बनवणाऱ्या तिथल्या कारखान्यातून 1920 मध्ये शं. वा. किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, ते गृहपत्र म्हणून, म्हणजे उद्योगाची माहिती ग्राहक आणि विक्रेत्यांपर्यंत पोचवणारे पत्रक म्हणून. अमेरिकेत जॉन डियर या नांगर बनवणाऱ्याच कंपनीचे ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे पत्र 1895 पासून निघत होते. परंतु ते आजही कंपनीचेच पत्र राहिले आहे, तर ‘खबर’ हळूहळू सर्वसामान्य वाचकाचे मासिक बनले, त्याच्या नावातून ‘खबर’ गळाले, आणि सावरकरांच्या विज्ञाननिष्ठ निबंधांसारखे वादळी लेखनही ‘किर्लोस्कर’मध्ये येऊ लागले. पुढे 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ अशी दोन मासिके त्याच घरातून निघाली. जुन्या अंकात न मावणारा वाचक दिसताच संपादकांनी तो अंक न मोडता नवा काढला, आणि किंमत मागण्याजोगे काही वाचकाच्या हाती आधी ठेवले, ही त्यांची खरी हुशारी म्हणावी लागेल. याच्या उलट 1982 मध्ये ‘सत्यकथा’ हे वाङ्मयीन मासिक थांबले ते कायमचेच. त्याच प्रकाशनसंस्थेचा ‘मौज’ हा दिवाळी अंक तेवढा पुढे चालू राहिला.

वाचकाकडे किंमत मागण्याचा हा प्रश्न आजही तसाच आहे. पिंपरीतील संत तुकाराम नगरासारख्या वस्तीत, जिच्या परिसरात 1954 मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सपासून पुढे कारखान्यांची रांग उभी राहिली, कारखान्याचे गृहपत्र कामगाराच्या घरी फुकट येते, आणि फोनवर येणाऱ्या मजकुरालाही बहुधा किंमत नसते. अशा वाचकाकडे वर्गणी मागणाऱ्या वार्तापत्राला आपले वेगळेपण अंकातूनच दाखवावे लागते. ई-मेलने जाणाऱ्या वार्तापत्रांनी हिशेबाचा गुंता काहीसा सैल केला आहे. 2017 मध्ये सुरू झालेल्या सबस्टॅकसारख्या सेवेत लेखकाला विश्रांतीच्या काळात पैसे आकारणेच थांबवता येते. भारतात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, 1 ऑक्टोबर 2021 पासून, कार्डातून आपोआप वळती होणाऱ्या रकमेची सूचना ग्राहकाला किमान 24 तास आधी द्यावी लागते. साहजिकच सहा महिने गप्प असलेल्या वार्तापत्राची आठवण वाचकाला नेमकी पैसे कापले जाण्याच्या आदल्या दिवशी होते, आणि वर्गणी रद्द करण्याचा पर्यायही त्या सूचनेबरोबरच द्यावा लागतो.

छापील मासिकासाठी त्यातल्या त्यात व्यवहार्य तोड म्हणजे वर्गणी महिन्यांवर न मोजता अंकांवर मोजणे: ‘एक वर्ष’ऐवजी ‘बारा अंक’ असे पावतीवर छापले, की खंड पडला तरी वर्गणीदाराचा एकही अंक बुडत नाही, फक्त मुदत पुढे सरकते. आजीव वर्गणीदारांचा प्रश्न मात्र या युक्तीने सुटत नाही.